छोट्या मायक्रोकंट्रोलरवरून रंगीत डिस्प्ले: बाइट वाहून कोण नेतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एटीमेगा३२८ कंट्रोलर १६ मेगाहर्ट्झवर चालतो. एसपीआय बसवर (क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बिट नेणाऱ्या सामायिक वायरा) आयएलआय९३४१ या चालक चिपचा २४०×३२० डिस्प्ले आहे आणि त्याच बसवर डब्ल्यू२५क्यू६४ ही फ्लॅश मेमरी चिप आहे. फ्लॅशमध्ये १६ बिट रंगाची चित्रे भरून ठेवली आहेत. एक चित्र पूर्ण उमटायला साधारण ३ सेकंद लागतात. हा वेळ कमी होईल का, की सरळ मोठा कंट्रोलर घ्यावा? आणि चित्र वरून खाली सरकत येताना दिसते, ते टाळता येते का?

कंट्रोलर बदलण्याआधी हिशेब करून बघू. २४०×३२० म्हणजे ७६,८०० पिक्सेल. प्रत्येकाचे २ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट, म्हणजेच १२,२८,८०० बिट. या कंट्रोलरचा एसपीआय क्लॉक जास्तीत जास्त मुख्य क्लॉकच्या निम्मा, म्हणजे ८ मेगाहर्ट्झ. भागाकार केला की १५४ मिलिसेकंद येतात. तुम्हाला लागतात ३ सेकंद, जवळजवळ वीसपट. वायर भरून वाहत असती तर काम १५४ मिलिसेकंदांत संपले असते, त्यामुळे दोष वायरच्या वेगाचा नाही. ती बहुतेक वेळ एकतर रिकामी आहे किंवा फालतू बाइट वाहते आहे.

फालतू बाइट कुठून येतात ते सांगतो. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण ३ सेकंद हा आकडा ओळखीचा आहे. फ्लॅशमधून एक पिक्सेल वाचायचा, मग डिस्प्ले लायब्ररीचे ‘पिक्सेल काढ’ हे फंक्शन बोलवायचे, असा लूप असणार. हे फंक्शन दिसते साधे, पण आत प्रत्येक पिक्सेलसाठी नवी खिडकी आखते, म्हणजे पडद्याचा कोणता चौकोन भरायचा ते सांगते. हेक्स (सोळा-आधारी अंकांत) २ए ही कॉलमची कमांड आणि तिचे ४ बाइट, २बी ही ओळींची कमांड आणि तिचे ४ बाइट, मग २सी ही लिहायची कमांड. झाले ११ बाइट, आणि त्यानंतर कुठे रंगाचे २ बाइट. फ्लॅशच्या बाजूला प्रत्येक वेळी वाचनाची कमांड आणि २४ बिटांचा पत्ता मिळून ४ बाइट, मग २ बाइट माल. एका पिक्सेलमागे एकूण १९ बाइट. ७६,८०० ने गुणले की साडेचौदा लाखांच्या वर जाते. त्यात प्रत्येक बाइटला फंक्शन कॉल, सिलेक्ट पिन (खाली असते तेव्हाच ती चिप ऐकते) वर-खाली, ‘बाइट गेला’ सांगणाऱ्या फ्लॅगची वाट पाहणे हे सगळे धरून २ मायक्रोसेकंद पकडा. जवळजवळ ३ सेकंद होतात.

तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे. खिडकी पूर्ण पडद्याची आणि एकदाच आखा, २सी एकदाच पाठवा आणि मग १,५३,६०० बाइट सलग सोडा. पुढच्या पिक्सेलवर जाणे, ओळ संपली की खालच्या ओळीवर उतरणे, हे सगळे डिस्प्लेतला कंट्रोलर स्वतः करतो. फ्लॅशलाही पत्ता एकदाच द्या, ती सिलेक्ट वर जाईपर्यंत पुढचे पुढचे बाइट देत राहते.

इथे एक अडचण येते आणि बरेच जण इथेच माघार घेतात. बस एकच आहे, क्लॉकची वायर एकच आहे. फ्लॅशमधून एक बाइट वाचला, तिची सिलेक्ट खाली ठेवली आणि तो बाइट डिस्प्लेला पाठवू लागलात, तर त्या आठ ठोक्यांत फ्लॅशही पुढचा बाइट बाहेर ढकलून मोकळी होते. तो बाइट हरवतो. प्रत्येक दुसरा बाइट गायब, चित्राचा चिवडा. म्हणून लोक फ्लॅशची सिलेक्ट वर करतात आणि पुढच्या बाइटसाठी पुन्हा पत्ता पाठवतात. सरळमार्गी तोडगा म्हणजे तुकड्यांत काम करणे: एका ओळीचे ४८० बाइट रॅममध्ये वाचा, फ्लॅश बंद करा, ते ४८० बाइट डिस्प्लेला द्या, मग पुढची ओळ. २ केबी रॅममध्ये ४८० बाइट सहज बसतात. पत्त्याचे ४ बाइट ४८० मागे एकदाच येतात, म्हणजे नगण्य. पण प्रत्येक बाइट बसवरून दोनदा जातो, एकदा आत आणि एकदा बाहेर. म्हणून ३०७ मिलिसेकंदांच्या खाली जाता येत नाही. ३ सेकंदांवरून पाव-अर्ध्या सेकंदाच्या मधे कुठेतरी याल. अनेकांना एवढे पुरते.

मला मात्र तो ‘हरवणारा’ बाइट नेहमी खुणावतो. एसपीआय दोन्ही दिशांनी एकाच वेळी चालते, हे आपण शिकतो आणि लगेच विसरतो. डिस्प्लेला क्रमांक ‘न’ चा बाइट जात असताना फ्लॅश ‘न अधिक १’ हा बाइट मिसोवर (चिपकडून कंट्रोलरकडे येणाऱ्या वायरवर) देतेच आहे. मग तो टाकून का द्यायचा? दोन्ही सिलेक्ट एकदम खाली ठेवा. डेटा रजिस्टरमध्ये आलेला बाइट उचला आणि तोच पुन्हा त्याच रजिस्टरमध्ये लिहा. तो डिस्प्लेकडे निघतो आणि त्याच आठ ठोक्यांत फ्लॅशमधला पुढचा बाइट आत येऊन बसतो. फ्लॅशच्या इनपुट पिनवरही तुमचा बाइट आदळतो खरा, पण वाचन चालू असताना ती त्या पिनकडे बघत नाही. लूपचा गाभा म्हणजे एक ‘इन’ आणि एक ‘आउट’. रॅम शून्य लागते, वायरिंगमध्ये काही बदल नाही, आणि बसवरचा वेळ थेट निम्मा होतो.

पथ्ये दोन. डिस्प्लेची डेटा-आउट पिन मिसोला जोडू नका, नाहीतर कधीतरी डिस्प्ले आणि फ्लॅश दोघे एकाच वायरवर बोलतील. तुम्हाला डिस्प्लेतून वाचायचे नाहीच, ती पिन मोकळी सोडा. दुसरे पथ्य क्रमाचे. डिस्प्लेला खिडकी आणि २सी आधी देऊन त्याची सिलेक्ट वर करा. मग फ्लॅशला वाचनाची कमांड आणि पत्ता द्या, एक बाइट वाया घालवून पहिला खरा बाइट हाती घ्या, डेटा-कमांड पिन (येणारा बाइट रंग की कमांड हे डिस्प्लेला सांगणारी) डेटावर ठेवा आणि त्यानंतरच डिस्प्लेची सिलेक्ट खाली आणा. क्रम चुकला तर वाचनाची कमांडच पिक्सेल म्हणून पडद्यावर उमटते. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन विचित्र रंगाचे ठिपके दिसले, की समजा क्रम चुकला आहे.

आता सायकलींचा, म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकच्या ठोक्यांचा हिशेब. ८ मेगाहर्ट्झ क्लॉकवर एक बाइट जायला प्रोसेसरच्या १६ सायकली लागतात. फ्लॅग तपासत बसलात तर प्रत्यक्षात २० च्या वर जातात, कारण या चिपच्या एसपीआयला पाठवण्याच्या बाजूने बफर (पुढचा बाइट थांबवून ठेवायची जागा) नाही. एक बाइट संपूर्ण गेल्याशिवाय दुसरा ठेवता येत नाही. फ्लॅग न बघता सायकली मोजून लूप लिहिला तर बाइटमागे १८ च्या आसपास येता येते. मग पूर्ण चित्र सुमारे १७३ मिलिसेकंद. मधेच इंटरप्ट (प्रोसेसरला दुसऱ्या तातडीच्या कामाला बोलावणारा इशारा) आला तरी बिघडत नाही, दोन बाइटमधले अंतर तेवढे वाढते.

ते उरलेले दोन सायकलींचे अंतरही खटकत असेल तर याच चिपमध्ये एक दुर्लक्षित सोय आहे. तिचा यूसार्ट, म्हणजे सीरियल पोर्टचा भाग, एसपीआय मास्टर (क्लॉक देणारी बाजू) म्हणून चालवता येतो आणि त्याला पाठवण्याचा बफर आहे. एक बाइट वायरवर असताना पुढचा रांगेत उभा करता येतो, त्यामुळे बाइटला बाइट चिकटून जातो. क्लॉक एक्ससीके पिनवर मिळतो आणि ती पिन आधी आउटपुट करावी लागते. बॉड रेटचे (वेग ठरवणारे) रजिस्टर ट्रान्समीटर चालू करताना शून्य असले पाहिजे आणि खरी किंमत त्यानंतर लिहायची. डेटाशीटमधली ही ओळ न वाचल्याने माझी एक संध्याकाळ गेली आहे. किंमत म्हणून सीरियल पोर्ट गमवावा लागतो. बारा टक्क्यांसाठी एवढे करावे का, हे तुम्ही ठरवा. मी सहसा करत नाही.

इथपर्यंत प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या हातातून जातोच आहे. एका हाताने घ्यायचा, दुसऱ्या हाताने द्यायचा, त्याचे करायचे काहीच नाही. ही हमाली झाली. फ्लॅशमधले बाइट जसेच्या तसे पडद्यावर जायचे असतील तर प्रोसेसरने मुकादमासारखे बाजूला उभे राहून ‘चला’ म्हणावे आणि माल परस्पर जावा. हे करता येते आणि त्याला एक रेझिस्टर लागतो.

जोडणी अशी. फ्लॅशची डेटा-आउट पिन थेट डिस्प्लेच्या डेटा-इन पिनला जोडा (कंट्रोलरच्या मिसोलाही ती जोडलेली राहू द्या). कंट्रोलरची मोसी (त्याच्याकडून बाहेर जाणारी डेटा वायर) फ्लॅशच्या डेटा-इनला थेट आणि डिस्प्लेच्या डेटा-इनला १ किलोओमच्या रेझिस्टरमधून. फ्लॅशची सिलेक्ट वर असते तेव्हा तिची आउटपुट पिन सुटी पडते आणि कंट्रोलर रेझिस्टरमधून डिस्प्लेला कमांड देऊ शकतो. फ्लॅश बोलू लागली की तिचा जोर रेझिस्टरपलीकडच्या मोसीवर मात करतो. जास्तीत जास्त ३.३ मिलिअँपियर वाहतात, कुणाला धक्का लागत नाही. डिस्प्लेच्या इनपुटची १५-२० पिकोफॅरड कपॅसिटी धरली तरी १ किलोओमसह उशीर २० नॅनोसेकंदांच्या आत राहतो. रेझिस्टरची युक्ती अस्वस्थ करत असेल तर ७४एचसी१५७ सारखा मल्टिप्लेक्सर टाका, एक पिन जास्त जाईल.

वेळेचे गणितही आपसूक जुळते. एसपीआयच्या मोड शून्यमध्ये फ्लॅश क्लॉकच्या उतरत्या कडेला बिट बदलते आणि डिस्प्ले चढत्या कडेला बिट उचलतो. पत्त्याचा शेवटचा बाइट संपतो तेव्हा क्लॉक खाली असतो आणि पहिल्या माल-बाइटचा पहिला बिट वायरवर आधीच उभा असतो. त्या क्षणी डिस्प्लेची सिलेक्ट खाली आणायची. वर सांगितलेला वाया जाणारा बाइटही इथे लागत नाही. आता कंट्रोलरने फक्त क्लॉक द्यायचा. यूसार्टला निरर्थक बाइट भरवत राहा, किंवा टायमरची आउटपुट पिन क्लॉकला जोडून तीच ८ मेगाहर्ट्झवर टॉगल होऊ द्या आणि दुसऱ्या टायमरकडे मोजणी सोपवा. दुसऱ्या पद्धतीत प्रोसेसर खरोखर मोकळा होतो. मात्र मोजणी चुकून जास्त झाली तर खिडकी भरल्यावर डिस्प्लेचा पत्ता पुन्हा पहिल्या पिक्सेलवर येतो आणि वरच्या ओळीत पुढच्या चित्राचे काही पिक्सेल दिसतात. यावर स्वस्त इलाज असा की फ्लॅशमध्ये प्रत्येक चित्रानंतर त्याच चित्राच्या पहिल्या काही पिक्सेलची प्रत ठेवायची. मग चूक झाली तरी दिसत नाही. थोडी लबाडी आहे, पण चालते.

क्लॉक आणखी वाढवण्याचा मोह होईल. आयएलआय९३४१ ची डेटाशीट लिहिण्यासाठी क्लॉकचा कालावधी किमान १०० नॅनोसेकंद सांगते, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. प्रत्यक्षात बहुतेक मॉड्यूल याच्या कितीतरी वर चालतात आणि लोक ते बिनधास्त चालवतात. छंदासाठी ठीक आहे. थंडी-उन्हात चालणारे यंत्र बनवत असाल तर डेटाशीटच्या आत राहा. मग पूर्ण पडद्याची मर्यादा सेकंदाला ८ चित्रे आहे आणि तुम्ही ६ वर पोचलेलाच आहात. यापुढचे काम डोक्याने करायचे आहे.

व्होल्टेजबद्दल थांबून बोलायला हवे, कारण माझी सगळ्यात महाग चूक तिथली आहे. फ्लॅश आणि डिस्प्ले ३.३ व्होल्टचे, आणि १६ मेगाहर्ट्झला हा कंट्रोलर ३.८ व्होल्टच्या आसपास तरी मागतो, म्हणून तो सहसा ५ व्होल्टवर चालवतात. ३.३ व्होल्टवर त्याची अधिकृत मर्यादा १३ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. मी एकदा ५ चे ३.३ करायला १० आणि २० किलोओमचे व्होल्टेज डिव्हायडर लावून मोकळा झालो. चित्र यायचे, पण रंग मधेच बदलायचे, आणि बोट लावले की बिघाड जागा बदलायचा. दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधला. ऑसिलोस्कोप लावल्यावर क्लॉकच्या जागी शार्क माशाचे पर दिसले. सोपे गणित होते: त्या दोन रेझिस्टरचा समांतर रोध ६.७ किलोओम, वायर आणि पिनची कपॅसिटी २० पिकोफॅरड, टाइम कॉन्स्टंट (सिग्नल चढायला लागणाऱ्या वेळेचे माप) १३३ नॅनोसेकंद. आणि ८ मेगाहर्ट्झ क्लॉकची अर्धी लाट फक्त ६२.५ नॅनोसेकंदांची. १ आणि २ किलोओम लावले असते तर १३ नॅनोसेकंदांवर भागले असते. पण योग्य उत्तर ७४एलव्हीसी मालिकेतली बफर चिप हेच आहे. किंवा कंट्रोलरलाच १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून सगळे बोर्ड ३.३ व्होल्टवर चालवा. चित्राला किमान २०५ मिलिसेकंद लागतील आणि व्होल्टेजची लेव्हल बदलण्याची कटकटच संपेल. नवीन बोर्ड करताना मी हेच करतो.

आता मुद्दा असा की प्रत्येक वेळी पूर्ण चित्र कशाला पाठवायचे? डिस्प्लेच्या पोटात स्वतःची १,७२,८०० बाइटची मेमरी आहे. एकदा लिहिलेले ती धरून ठेवते आणि पडदा ताजा ठेवण्याचे काम तीच करते. पार्श्वभूमी एकदा फ्लॅशमधून ओतली की नंतर बदलेल तेवढाच तुकडा पाठवा. ४०×४० चा आयकॉन ३,२०० बाइटचा, ३.२ मिलिसेकंदांत संपतो.

आकड्यांसाठी तर फ्लॅशकडे जाऊही नका. २४×३२ चा एक अंक एका बिटाच्या फाँटमध्ये ९६ बाइटचा, दहा अंक ९६० बाइट, कंट्रोलरच्या प्रोग्राम मेमरीत आरामात. तिथून बाइट वाचायला ३ सायकली लागतात. एक बाइट वायरवर असताना हाताशी १६ सायकली असतातच. त्यांत पुढचा बिट बघून शाईचा किंवा पार्श्वभूमीचा रंग निवडून ठेवायचा. आधी पाठवायला सुरुवात करायची आणि मग पुढच्याची तयारी, ही सवय लावून घ्या. तयारी करून मग पाठवणारे लूप दुप्पट वेळ खातात. आणि अंक बदलताना जागा आधी पुसू नका. अंकाच्या खिडकीत शाई आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच फेरीत लिहा. पुसून लिहिले की तो क्षणभराचा मोकळा चौकोन डोळ्याला लुकलुकताना दिसतो, आणि मग लोक डिस्प्लेला दोष देतात.

मोजक्या रंगांची, सपाट चित्रे असतील तर १६ रंगांची पॅलेट वापरा. पूर्ण चित्र ३८,४०० बाइटवर येते. त्यावर ‘इतके पिक्सेल या रंगाचे’ असे रन-लेंग्थ दाबले तर मेनूसारखे पडदे अनेकदा कंट्रोलरच्या ३२ केबीतच बसतात आणि बाहेरची फ्लॅश लागतच नाही. फोटोला मात्र याचा उपयोग नाही, उलट आकार वाढतो.

फोटोंसाठी वेगळी गंमत आहे. २४ बिटांची बीएमपी फाइल रूपांतर न करता थेट डिस्प्लेला पाठवता येते. हेक्स ३ए कमांडने १८ बिट रंग निवडले की डिस्प्ले पिक्सेलमागे ३ बाइट घेतो आणि प्रत्येकातले वरचे ६ बिट वापरतो. बीएमपीमध्ये रंग निळा-हिरवा-लाल असे उलटे असतात आणि ओळी खालून वर. दोन्हीची सोय हेक्स ३६ च्या रजिस्टरमध्ये आहे, एक बिट रंगांचा क्रम उलटतो आणि एक ओळींचा. २४० पिक्सेलची ओळ ७२० बाइटची, चारने भाग जातो, त्यामुळे ओळीअखेर भरतीचे बाइटही नाहीत. नेहमीच्या फाइलचे ५४ बाइटचे मथळे ओलांडा आणि ओता. किंमत म्हणजे दीडपट बाइट. रंगक्रमाचा बिट मॉड्यूलगणिक उलटा लागू शकतो, कारण पॅनेलची जोडणी वेगवेगळी असते. लाल चौकोन काढून खात्री करा.

चित्रे एसडी कार्डावर असतील तर परस्पर माल पाठवण्याची युक्ती थोडी अडखळते. कार्ड ५१२ बाइटच्या प्रत्येक गठ्ठ्याआधी एक खुणेचा बाइट आणि नंतर सीआरसीचे (चूक तपासण्याचे) २ बाइट पाठवते. तेवढ्यापुरती डिस्प्लेची सिलेक्ट वर करायची. डिस्प्ले थांबतो आणि परत खाली आणल्यावर पुढच्या पिक्सेलपासून चालू होतो.

एसपीआयच सोडायची तयारी असेल तर ८ बिटांची समांतर बस वेगळ्याच पातळीवर नेते. बाइट पोर्टवर ठेवायचा, ‘लिही’ सांगणारी राइट पिन खाली-वर करायची, झाले. प्रोग्राम मेमरीतून वाचून, लूप उलगडून लिहिला तर बाइटला ६ सायकली, त्या वेगाने पूर्ण पडदा ५८ मिलिसेकंदांत. काळा किंवा पांढरा पडदा तर फक्त राइट पिन नाचवून १९ मिलिसेकंदांत पुसून होतो, कारण दोन्ही बाइट सारखेच असतात. मुकादमाचे तत्त्व इथे आणखी खुलते: समांतर फ्लॅशच्या डेटा पिना थेट डिस्प्लेच्या डेटा पिनांना आणि पत्त्यासाठी काउंटर. एकच पल्स डिस्प्लेला ‘लिही’ सांगते आणि काउंटर पुढे सरकवते. ५१२ केबीच्या ३९एसएफ०४० मध्ये अशी ३ पूर्ण चित्रे मावतात. यासाठी ७४एचसी४०४० हा रिपल काउंटर स्वस्त दिसतो, पण त्यात बदल एका टप्प्यातून पुढच्यात झिरपत जातो आणि वरच्या पत्त्याच्या पिना उशिरा स्थिरावतात. दर ४,०९६ बाइटांनी एखादा चुकीचा पिक्सेल दिसला तर कारण तेच. सिंक्रोनस ७४एचसी१६१ पाच लावा. आजच्या काळात एवढ्या चिपा कोण लावतो म्हणाल, तर खरे आहे. पण एखादा जुना बोर्ड दुरुस्त करताना अशी रचना समोर आली तर ओळखता यावी.

ज्या पॅनेलमध्ये स्वतःची मेमरीच नाही, त्यांच्या वाटेला छोट्या कंट्रोलरने शक्यतो जाऊ नये. ३२०×२४० चे साधे काळे-पांढरे पॅनेल घ्या. ९,६०० बाइट सेकंदाला ७० वेळा, ४ बिटांच्या बसवर सेकंदाला १३ लाखांहून जास्त तुकडे, म्हणजे एका तुकड्याला फक्त १२ सायकली. प्रोसेसर त्यातच संपतो. शिवाय प्रोग्राम अडकला आणि स्कॅन थांबला तर पॅनेलमधल्या लिक्विड क्रिस्टलवर एकाच दिशेचा विद्युतदाब राहतो आणि पॅनेल कायमचे खराब होऊ शकते. अशा पॅनेलला वेगळी कंट्रोलर चिपच द्यावी.

कंट्रोलर बदलावा का? स्थिर चित्रे आणि बदलते आकडे एवढेच काम असेल तर नको. हलती चित्रे, सरकणाऱ्या याद्या, एकावर एक पारदर्शक थर असे काही असेल तर बदला, आणि बदलताना मेगाहर्ट्झ बघू नका, डीएमए बघा. डीएमए म्हणजे चिपच्या आत बसवलेला तोच मुकादम, प्रोसेसरला हात न लावू देता माल परस्पर हलवणारा. एसटीएम३२एफ१०३ ची एसपीआय १८ मेगाहर्ट्झपर्यंत जाते आणि रॅम २० केबी. पूर्ण फ्रेम मावत नाही, पण लागतही नाही: ४८० बाइटच्या दोन ओळी ठेवा, डीएमए एक पाठवत असताना दुसरी तयार करा. आरपी२०४० ची रॅम २६४ केबी, तिथे अख्खी फ्रेम बसते. बाहेरची रॅम लावून पूर्ण फ्रेम ठेवू म्हणाल तर २३एलसी१०२४ घेताना सावध राहा. ती १,३१,०७२ बाइटची आहे आणि फ्रेम १,५३,६०० ची. या चिपांवर आल्यावर पहिल्याच दिवशी रंग विचित्र दिसतील. डिस्प्लेला वरचा बाइट आधी हवा असतो आणि एआरएम खालचा बाइट आधी ठेवते. एसपीआय १६ बिटांवर चालवा किंवा रंग आधीच उलटे साठवा.

राहिला प्रश्न चित्र वरून खाली येताना दिसण्याचा. डिस्प्ले आपल्या मेमरीतून सेकंदाला सुमारे ७० वेळा पडदा ताजा करतो, म्हणजे दर १४ मिलिसेकंदांनी. तुमचे चित्र १७३ मिलिसेकंद भरत राहते, त्यामुळे डोळ्याला बारा वेळा अर्धवट चित्र दिसणारच. पडदा ताजा होण्याची वेळ कळवणाऱ्या टेअरिंग सिग्नलची पिन अनेक मॉड्यूलवर बाहेर काढलेली नसते आणि इथे ती असूनही फारसा फरक पडला नसता. ती छोट्या तुकड्यांसाठी उपयोगी. या डिस्प्लेच्या मेमरीत एकही ओळ जास्तीची नाही, त्यामुळे पडद्याआड चित्र रचून एकदम दाखवणेही शक्य नाही. (२४०×२४० चे एसटी७७८९ पॅनेल असते तर त्याच्या मेमरीत ८० ओळी पडद्याबाहेर असतात. सरकणारी पट्टी तिथे गुपचूप लिहून स्क्रोलच्या कमांडने आत आणता येते.) मग उरतो बॅकलाइट. तो बंद करा, चित्र भरा आणि पीडब्ल्यूएमने (झटपट चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याची रीत) हळूहळू उजळवा. नाहीतर काहीच करू नका: ३ सेकंदांचे सरकणे कंटाळवाणे असते, पण सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात वरून खाली झरकन उतरणारे चित्र पाहून माझ्या एका ग्राहकाने विचारले होते की हा इफेक्ट बाकीच्या पडद्यांनाही देता येईल का.